मन्मथप्पांची निळी वायर

मन्मथप्पांना नवी वायर टाकलेली सहन व्हायची नाही. आता कुणाला वाटेल, बाई चिक्कू माणसाची चेष्टा करतेय. तसलं काही नाही हो. केजच्या बाजारात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. वायरीची बंडलं छताला टेकलेली असायची आणि गिऱ्हाइकानं मागितली तर मीटरमागं वीतभर जास्तच सोडून द्यायचे. पण देण्याआधी विचारायचेच, "भिंतीत जुनी हाय ना? मग नवी कावून नेता? पैल्यांदा हाय ते बगा की!" निम्मी गिऱ्हाइकं विचार करत घरी परत जायची. शांताकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "दुकान मांडलंय का प्रवचन?" असं त्या मला दहादा तरी म्हणाल्या असतील.

बुटकी अंगलट, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, सदऱ्याच्या खिशात टेस्टर, आणि डाव्या मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ. ते रीळ बांगडीसारखं कायमचं तिथंच. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत टेस्टर काढून भिंत, खिडकीचा गज, पिंप, जे हाताशी येईल त्याला लावून बघायचे. माझ्या नव्या फ्रीजला लावला, फ्रीजवरच्या पपईला लावला. "पपईला कशाला, अप्पा?" म्हटलं तर म्हणाले, "खात्री असलेली बरी, मॅडम."

मॅडम म्हणायचे कारण मी त्यांची भाडेकरू होते. माझं माहेर वडवणी. लग्न होऊन केजला आले तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. तीन महिने कॉम्प्युटर शिकलं की पुण्याला नोकरी ठेवलेलीच आहे असा समज होता, आणि तो पसरवण्यात माझाही हात होता, कशाला खोटं बोलू? अप्पांच्या घरात मी चार कॉम्प्युटर मांडले. मांडले म्हणजे काय, एका खोलीत चार टेबलं लावणार होते. अप्पांनी अडवलं. नवे प्लग बसवायचे नाहीत, जिथं प्लग आहे तिथं कॉम्प्युटर. झालं! एक देवघरात, एक धान्याच्या खोलीत, एक जिन्याखाली आणि एक पुढच्या ओसरीवर. चारही जोडणारी निळी वायर अप्पांनी भिंतीतल्या जुन्या नळीतूनच ओढली आणि मधल्या खोलीत एका डबीत आणून सोडली. दोन वर्षं मी देवघरातून जोंधळ्याच्या पोत्यांकडं आणि तिथून ओसरीवर पळत कॉम्प्युटर शिकवला. वजन उतरलं, क्लास बसला. कॉम्प्युटर विकले, वायर भिंतीतच राहिली. मी दोन घरं सोडून राहायला गेले.

अप्पांचा हा हट्ट गावाला पाठ होता. युसूफ वडगावला त्यांच्या एका पाहुण्याच्या घरी लग्न होतं. मांडवातला कारागीर कर्ण्यासाठी नवी वायर ओढायला लागला, आणि अप्पांचं डोकं फिरलं. वऱ्हाडी म्हणून आलेला हा माणूस अंगातला नवा सदरा काढून शिडीवर चढला. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन तारा होत्या, कर्णा त्यांनाच जोडला. आवाज खणखणीत आला! अप्पा छाती पुढं काढून फिरले. मंगलाष्टका चालू झाल्या, दोन झाल्या, तिसरी अर्ध्यावर आली आणि मागच्या अंगणात कुणा आजीबाईनं धुतलेलं लुगडं तारांवर टाकलं. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, कर्णा गप्प. मंडळींना वाटलं, लागलं लग्न! सगळ्यांनी एकदम अक्षता फेकल्या, बाजा सुरू झाला, नवऱ्या मुलानं हार घालूनही टाकला. भटजी एकटेच ओरडत होते, "अहो, अजून दोन राहिल्या!" अप्पा मला सांगताना म्हणायचे, "पर लुगडं वाळलं का न्हाई? मग? तार दोन कामाला आली."

असल्या माणसाचं धाकट्या भावाशी भांडण व्हावं ते तरी कशावरून? तर भिंतीतल्या भोकावरून. महालिंगअप्पा हा त्यांचा धाकटा भाऊ. उंच, मऊ स्वभावाचा, शेती बघणारा. घराची वाटणी शांतपणे झाली. मधे भिंत घातली, पुढची ओसरी महालिंगअप्पांकडं गेली, मधली खोली मोठ्या अप्पांकडं. तंटा ना बखेडा. पण महिन्याभरात महालिंगअप्पांनी रंगीत टीव्ही आणला आणि केबलची वायर आत घ्यायला पुढच्या भिंतीला नवं भोक पाडलं. शेजारी वीतभर अंतरावर टेलिफोनचं जुनं भोक रिकामं असताना! अप्पा गेले विचारायला. एकाचे दोन झाले, शब्दाला शब्द लागला, मेलेल्या वडिलांपर्यंत बोलणं गेलं. शेवटी अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाले, "आजपासनं तुजं तोंड बगनार न्हाई."

लिंगायताच्या घरात ही शपथ म्हणजे गंमत नव्हे. अप्पा ती पाळायला लागले, आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून एकमेकांचं तोंड न बघणं हे सगळ्या गल्लीचंच काम होऊन बसलं. भावाच्या दारावरून जाताना अप्पा काळी छत्री आडवी धरायचे, ऐन डिसेंबरातसुद्धा. महालिंगअप्पा बिचारे समोर आले तर आपणहून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. न्हावी लांबूनच ओरडायचा, "अप्पा, थांबा की थोडं, धाकले बसलेत खुर्चीवर!" जावाजावा, म्हणजे शांताकाकू आणि धाकट्या काकू, मात्र भिंतीवरून भाजी देत-घेत होत्या, निवडत होत्या, हसत होत्या. अबोला ही पुरुषांची चैन आहे, बायकांना ती परवडत नाही.

चार वर्षं गेली. मोबाईलवर इनकमिंगचे पैसे पडायचे नुकते बंद झाले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरं फुटली. शांताकाकूंनी धसका घेतला. पुण्याच्या जावयानं चार कॅमेऱ्यांचा संच पाठवून दिला आणि तो बसवायला बीडहून एक कारागीर आला, खांद्यावर नव्या वायरीचं भलंमोठं बंडल घेऊन. अप्पांनी बंडल दारातच ठेवायला लावलं. "माज्या भिंतीत मॅडमची वायर हाय. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. एका जोडीवरनं चित्र यील, एका जोडीवरनं करंट जाईल. हाय का न्हाई?"

कारागीर म्हणाला, "जमेल की. दोन्ही टोकांना ही अंगठ्याएवढी डबी लावायची, झालं. पण अप्पा, वायर दाराकडं गेलीय का?"

"न्हाई."

"मग दारावर कॅमेरा?"

"जितं वायर, तितं कॅमेरा."

मी तिथंच होते. मी म्हटलं, "अप्पा, चोर देवघरातून येतो का?"

"यील," अप्पा म्हणाले. "चोराचा काय भरोसा, मॅडम?"

तर एक कॅमेरा देवघरावर, एक जोंधळ्याच्या पोत्यांवर, एक जिन्याखालच्या जुन्या चपलांवर. चौथ्या वायरीचं टोक निघालं ते महालिंगअप्पांच्या ओसरीवर. अप्पा तिकडं जाऊ शकत नव्हते, म्हणून तो कॅमेरा धाकट्या काकूंनी आणि मी स्टुलावर चढून बसवला. महालिंगअप्पांनी स्टूल धरलं आणि एवढंच म्हणाले, "आण्णाला पायजे तर बसवा."

मधल्या खोलीत अप्पांचा जुना काळा-पांढरा टीव्ही होता. नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता. संचासोबत आलेला चार बटणांचा रेकॉर्डिंगचा डबा त्यालाच जोडला. बटण दाबलं. देव दिसले, पोती दिसली, चपला दिसल्या. चौथं बटण दाबलं आणि पडद्यावर महालिंगअप्पा, ओसरीवर बोरं खात बसलेले, तोंड थेट कॅमेऱ्याकडं! अप्पांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "बंद करा! बंद करा!" त्या दिवशी ते जेवले नाहीत. लिंगाला हात लावून घेतलेली शपथ मोडली म्हणून माणूस रडकुंडीला आला होता, आणि मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचे अय्या, म्हणजे जंगम गुरू, आले. पांढरी दाढी, घाई नाही. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रंगीत दिसला का काळा-पांढरा?"

"काळा-पांढरा."

"माणूस रंगीत असतो का न्हाई?"

"असतो."

"मग त्यो माणूस न्हाई. छाया हाय. छायेला शपत लागू न्हाई."

अप्पांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! त्या दिवसापासून देव, पोती आणि चपला यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. चौथं बटण दाबलेलं ते दाबलेलंच. दुकान नोकरावर टाकून अप्पा त्या टीव्हीपुढं पाट मांडून बसायला लागले. बाजारात जुना टीव्ही देऊन रंगीत घ्यायची लाट आलेली. शांताकाकू मागं लागल्या, भांडल्या, माहेरी जायची धमकी दिली. अप्पा ढिम्म. लोक म्हणाले, चिक्कूपणा. मला आणि काकूंना माहीत होतं, रंगीत टीव्ही आला की भाऊ गेला.

चोर आला तो या काळातच. भरदुपारी, उघड्या दारातून, आणि बीडच्या कारागिरानं दारात ठेवलेलं नव्या वायरीचं बंडल घेऊन गेला. पोलीस आले, रेकॉर्डिंग मागितलं. जे बटण दाबलेलं, तेवढंच रेकॉर्ड व्हायचं. हवालदार तीन तास पाटावर बसून महालिंगअप्पांना झोपलेलं बघत राहिले. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, ह्यो मानूस कूस तरी बदलतो का न्हाई?" अप्पा अभिमानानं म्हणाले, "ल्हानपनापासनं एकाच कुशीवर झोपतो त्यो."

महालिंगअप्पांना हे कळत होतंच. आधी ते खुर्ची फिरवून बसले. मग हळूच खुर्ची पुन्हा सरळ झाली. रोज दाढी व्हायला लागली, सदरा इस्त्रीचा आला. शेतातला पहिला भोपळा त्यांनी घरात नेण्याआधी कॅमेऱ्यापुढं धरला, गोल फिरवून दाखवला. इकडं अप्पा टीव्हीला म्हणाले, "आतून पोकळ असंल बग." एके दिवशी महालिंगअप्पांनी मला हाक मारली. म्हणाले, "मॅडम, त्यो मला दिसभर बगतो. म्या त्याला चार वर्सं बगितला न्हाई. ह्यो न्याय हाय का?"

मी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. अप्पा उठले, मनगटातलं रीळ काढलं आणि म्हणाले, "चार जोड्या हायेत. दोन लागल्या. दोन कावून उपाशी ठिवायच्या?" देवघरातला कॅमेरा काढून टीव्हीच्या डोक्यावर आपल्याकडं तोंड करून बसवला, आणि उरलेल्यांतल्या एका जोडीवरून आपलं चित्र त्याच निळ्या वायरीतून पलीकडं पाठवलं. पलीकडं रंगीत टीव्ही ओसरीवर आणून ठेवला. शपथ महालिंगअप्पांनी घेतली नव्हती, त्यांना रंगीत चालत होतं. सहा इंची भिंतीच्या दोन बाजूंना दोघे भाऊ एकमेकांकडं बघत बसायचे. एक शब्द नाही. अप्पा जेवायला बसले की ताट किंचित तिरकं करून काय वाढलंय ते दाखवायचे. मी हसायचे खरी, पण मला ते लई आवडायचं.

आणि मग महालिंगअप्पा पिवळे पडायला लागले.

आम्हा सगळ्यांना दिसत होतं. डोळे पिवळे, नखं पिवळी, चेहऱ्यावर हळद लावल्यासारखा रंग. धाकट्या काकूंची झोप उडाली. केजच्या डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं, कावीळ साधी नाही, आजच्या आज लातूरला न्या. पण त्या घरात एक रीत होती. परगावी निघताना मोठ्यानं धाकट्याच्या कपाळाला विभूती लावायची, त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून चार वर्षांत महालिंगअप्पा परगावी कुठं गेलेच नव्हते. आताही हटून बसले. "आण्णा विभूती लावतो म्हनला तर जातो. न्हाईतर हितंच बरा."

शांताकाकू नवऱ्याला सांगायला गेल्या, मी सोबत. "अहो, भावजींना लई बरं न्हाई. पिवळे पडलेत."

अप्पांनी पडद्याकडं बोट केलं. "कुटं पिवळा? हा काय बसलाय. ठनठनीत हाय."

"अप्पा, मी आत्ता बघून आले," मी म्हटलं. "डोळेसुद्धा पिवळे झालेत."

"मॅडम, तुमी पाच मिंटं बगितलं. म्या दिसभर बगतो. माज्या भावाचं तोंड तुमी मला सांगनार?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या टीव्हीत हळदीच्या नवरीचासुद्धा चेहरा पांढराच दिसेल! जाऊन बघा डोळ्यांनी!" जन्मात मी त्या माणसाशी अशी बोलले नव्हते. त्यांनी नुसता गळ्यातल्या लिंगाला हात लावला. आणखी दोन दिवस असेच गेले, आणि ते दोन दिवस मी अजून अप्पांना माफ केलेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी महालिंगअप्पांना उठवेना. जीप दारात येऊन उभी राहिली. शांताकाकू अप्पांपुढं बसून रडायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, "बरं, जाऊ द्या त्याला. काई झालेलं न्हाई, पर डॉक्टरच्या मनाची शांती. विभूती आन."

"म्हणजे बाहेर येता?" मी विचारलं.

"बाहीर कशाला? हितनं लावतो."

पलीकडं महालिंगअप्पांना उशीला टेकवून कॅमेऱ्यापुढं बसवलं. त्यांनी आपल्या टीव्हीत बघितलं की अण्णानं विभूतीचा खडा भिजवलाय, तीन बोटांना चोळलाय. त्यांनी डोळे मिटून कपाळ कॅमेऱ्याकडं केलं. इकडं पडद्यावर ते कपाळ मोठं होत आलं. अप्पा पाटावर गुडघे टेकून बसले, तोंडानं मंत्र पुटपुटत होते, आणि त्यांनी ती तीन बोटं टीव्हीच्या काचेवर, बरोबर भावाच्या कपाळावर टेकवून आडवी ओढली.

आणि लाईट गेली.

रोज चारला जायची ती त्या दिवशी साडेतीनलाच गेली. पडदा काळा. माणूस नाही, कपाळ नाही, नुसती काळी काच आणि तिच्यावर राखेचे तीन ओले पट्टे. अप्पा त्याकडं बघत राहिले. शांताकाकूंच्या तोंडून "शिव शिव" निघालं. अप्पांनी काचेवर हात मारला, एकदा, दोनदा. "म्हालिंगा! ए म्हालिंगा!" भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. हा माणूस ओरडत सुटला. अनवाणी, राखेचा हात तसाच, मधल्या खोलीतून दारात, दारातून गल्लीत, आणि थेट ओसरीवर.

महालिंगअप्पा डोळे मिटून तसेच बसले होते, कपाळ पुढं करून, वाट बघत. लाईट गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

अप्पा दोन पावलांवर थांबले. ऊन ओसरीवर सरळ पडलं होतं. त्यांनी भावाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं, पापणी अंगठ्यानं वर केली.

"पिवळा झालास की रं," ते म्हणाले. "हे... हे कवा झालं? म्या तर रोज बगत होतो रं तुला. रोज बगत होतो!"

महालिंगअप्पांनी डोळे उघडले. चार वर्षांनी भाऊ समोर उभा होता, आणि हा बाबा म्हणतोय काय? "आण्णा, तुजी शपत."

"आग लागू दे शपतीला," मन्मथप्पा म्हणाले, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून लहान लेकरासारखे रडले. मीही रडले, लपवून काय करू?

अप्पा राखेची बोटं भावाच्या कपाळावर ओढून तसेच जीपमध्ये चढले, चपला नाहीत, सदऱ्याची बटणं उघडी. भावाचं डोकं मांडीवर घेतलं. महिन्याभरानं महालिंगअप्पा धडधाकट होऊन परत आले, पण ते मला फोनवर कळलं, कारण त्याच आठवड्यात यजमानांची बदली झाली आणि आम्ही केज सोडलं. मी अप्पांना शेवटचं बघितलं ते त्या जीपमध्येच. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, आम्ही बायका हात हलवत होतो, आणि जीप चौकातून वळेपर्यंत अप्पांनी एकदाही मान वर केली नाही. ते खाली बघत होते, मांडीवरच्या तोंडाकडं.